किनाऱ्यावर एक फळा लावा, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला गेलो होतो. मी, माझे पती, सासूबाई आणि मुलगी. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर सासूबाई बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीपला, म्हणजे सगळे अजून ज्याला हॅवलॉक म्हणतात त्या बेटावर गेलो आणि समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टमध्ये चार रात्री राहिलो. चार वर्षं पैसे साठवून केलेली सहल होती. निळं पाणी, पांढरी वाळू, झाडांच्या बुंध्यापर्यंत येणाऱ्या लाटा, सगळं ऐकलं होतं तसंच होतं. पण आपल्याला पत्र लिहावं असं वाटलं ते तिथल्या एका फळ्यामुळे.

रिसेप्शनच्या भिंतीला टेकवून ठेवलेला, साधारण खुर्चीच्या उंचीचा काळा फळा. रोज सकाळी एक मुलगा ओल्या फडक्याने तो पुसायचा आणि खडूने नव्याने लिहायचा. आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, सूर्यास्त किती वाजता, समोर पोहायचं की नाही, आणि पोहायचं तर कुठल्या दोन झाडांच्या मध्ये. हिंदीत आणि इंग्रजीत, पाच-सहा ओळी. माझा दिवस फळ्यासमोर जातो, त्यामुळे आधी नजर गेली ती अक्षराकडे. मग मजकुराकडे. पहिल्या दुपारी समोरचं पाणी आत आत जात इतकं हटलं की सकाळी डोलणाऱ्या होड्या वाळूवर कलंडून पडल्या आणि खडक उघडे पडले. मुलगी घाबरली. सासूबाई मात्र शांत. म्हणाल्या, "अगं, फळ्यावर लिहिलंय की, दीडला ओहोटी." ज्या बाईने उभ्या आयुष्यात रंकाळ्यापेक्षा मोठं पाणी चार-पाच वेळाच बघितलं, तिला तो समुद्र एका फळ्यामुळे समजत होता.

पोहायला आम्ही बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या राधानगर किनाऱ्यावर जायचो. तिथे जीवरक्षक आहेत. बेटं इतकी पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे त्या दिवसांत पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. साडेचारलाच शिट्टी वाजली. माझे पती अजून एक डुबकी म्हणून आत थांबले, तर तो जीवरक्षक गुडघाभर पाण्यात शिरून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि ते बाहेर येईपर्यंत हलला नाही. मगरींबद्दल सावध करणारे फलकही तिथे आहेत. 2010 साली याच किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. ते त्यांनी झाकून ठेवलेलं नाही. आणि तरीही गर्दी कमी नाही. फलक लावला तर गिऱ्हाईक पळतं, असं आपल्याकडे कोकणात मला एकाहून जास्त हॉटेलवाल्यांनी सांगितलं आहे. राधानगरला मला तसं काही दिसलं नाही. लोक फलक वाचत होते, मुलांना जवळ घेत होते आणि आईस्क्रीम खात होते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबं मिळून अकरा जण मालवण तालुक्यातल्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. आम्हा कोल्हापूरकरांचं कोकण म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असेल. पहाटे गाडी काढायची, दाजीपूरला चहा, फोंडा घाट उतरायचा आणि दुपारी माशाच्या ताटावर बसायचं. खोलीचं दार उघडलं की समुद्र, अशी जाहिरात होती आणि ती खरी होती. सामान टाकून पोरं थेट पाण्यात. माझा पुतण्या तेव्हा एकोणीस वर्षांचा. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला, पंचगंगेच्या घाटावरून सूर मारणारा. मी हाक मारली तर मला म्हणाला, "काकी, नदी पवून पार करतोय मी, ह्यात काय हाय?"

दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. मधे पंधरा-वीस पावलांचा एक पट्टा शांत दिसत होता, पाणी जरा गडद. लाटांचा मार नको म्हणून तो नेमका तिथेच उतरला. कमरेइतकं पाणी होतं, बघता बघता छातीला आलं आणि मग त्याचं डोकं लहान लहान होत गेलं. तो हात मारत होता, किनाऱ्याकडे तोंड होतं, सगळा जोर लावत होता आणि तरी मागे जात होता. किनाऱ्यावर जीवरक्षक नव्हता. रिसॉर्टकडे ना दोर होता, ना हवेची रिंग. माझी जाऊ वाळूत बसून नुसती त्याच्या नावाने ओरडत होती.

शेजारी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जमलेल्या माणसांपैकी दोघे कमरेला दोर बांधून आत गेले. बाकीच्यांनी बाहेरून दोर धरला. सहा-सात मिनिटं गेली असतील. पोराला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या दंडावर दोराचा वळ उठला होता, जांभळा, बोटाएवढा जाड. आठ दिवस तो गेला नाही. दोघांमधल्या वयस्क माणसाने मला एकच वाक्य सांगितलं, "बाय, हयसर पाणी भायर व्हडता, आमची पोरा हयसर उतरनत नाय." म्हणजे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. खोलीचे रोजचे साडेचार हजार मोजणाऱ्या आम्हालाच तेवढं ठाऊक नव्हतं. आम्ही कुणावर तक्रार केली नाही. पोरगं परत मिळालं होतं, बाकी काही सुचत नव्हतं. आज वाटतं, तेव्हाच लिहायला हवं होतं.

नंतर मी हे समजून घेतलं. लाटा सतत किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये जिथे खोलगट जागा मिळते तिथून ते एकवटून जोरात आत जातं. त्या वाटेवर लाट फुटत नाही, म्हणून ती जागा नवख्याला सगळ्यात सुरक्षित वाटते. सुटायचं असेल तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत जायचं. पट्टा अरुंद असतो, थोडं सरकलं की ओढ संपते. मंत्रिमहोदय, हे कळलं तेव्हा मी रडले. कारण माझ्या पुतण्याला हे येत होतं. नदीत धारेशी भांडायचं नाही, तिरकं काढायचं, हे पंचगंगेने त्याला लहानपणीच शिकवलं होतं. समुद्रालाही धार असते, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घाटावरची माणसं बुडतात ती समुद्राला भितात म्हणून नाही. आम्हाला पाणी माहीत आहे असं आम्हाला वाटतं म्हणून बुडतात. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजची 14 मुलं गेली. 15 एप्रिल 2017 ला मालवणजवळ वायरीला बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे 8 जण गेले. बेळगाव आम्हाला लांब नाही, त्या रात्री आमच्या गल्लीतही कुणी धड जेवलं नव्हतं. ती पोरं काही दंगा करायला आली नव्हती. नंतर पेपरात "अतिउत्साही पर्यटक" हे दोन शब्द येतात, ते मला फार लागतात. ज्याला इशारा दिलाच नाही त्याला अतिउत्साही कसं म्हणायचं?

इशारा म्हणजे काय ते कोल्हापूरला विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पावसाळ्यात हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. दूधवाला दूध घालता घालता सांगतो, "चाळीस फूट तीन इंच झालं." रिक्षात, तालमीत, भाजी मंडईत तोच आकडा. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला पुन्हा महापूर आला. घरं बुडाली, जनावरं गेली, पण आकडा वेळेत कळत होता म्हणून कितीतरी कुटुंबं आधीच बाहेर पडली, त्यात माझं माहेर एक. एक पट्टी, एक आकडा आणि तो सगळ्यांपर्यंत पोचवायची सवय. समुद्राबाबत आम्हाला एवढंच हवं आहे.

माहिती नाही असं तर नाहीच. भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी काढता येतात, भारतीय सर्वेक्षण विभाग त्या छापतो. उंच लाटांचे इशारे हैदराबादची इनकॉइस ही केंद्र सरकारची संस्था देते. आणि किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या मच्छीमाराला तर कागदही लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. कुठे वाळू सरकते, कुठे ओढ आहे, खाडीच्या मुखाशी ओहोटीला का उतरू नये, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. ही माहिती रिसॉर्टच्या दारापासून शंभर पावलांवर येऊन थांबते. तिला ती शंभर पावलं चालायला लावणं आपल्या हातात आहे.

सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे. शेजारच्या गोव्याने 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची यंत्रणा उभी केली. तिथे लाल-पिवळे झेंडे लावतात, त्यांच्या मध्ये पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. देशातल्या पहिल्या 8 किनाऱ्यांना 2020 साली ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्यात राधानगर होतं. महाराष्ट्राचा एकही किनारा नव्हता. त्या मानांकनाच्या 33 निकषांमध्ये पाण्याची स्वच्छता जशी आहे, तशी माणसाच्या जिवाची काळजीही आहे. मानांकन यायचं तेव्हा येवो. फळ्याला मानांकन लागत नाही.

काही किनाऱ्यांवर आपल्याकडेही जीवरक्षक आहेत, हे मी बघितलं आहे. मागच्या वर्षी अशा एकाशी बोलले. गावातलाच, तिशीचा, उत्तम पोहणारा. शिट्टी त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली. मानधन कधी हातात पडेल याचा भरवसा नाही, म्हणून सकाळी तो होडीवर जातो आणि अकराला किनाऱ्यावर येतो. सकाळी आठला जी कुटुंबं उतरतात त्यांच्यासाठी तिथे कुणी नाही. या माणसाला बारा महिन्यांचा, वेळेवर मिळणारा पगार द्या. ज्यांनी माझा पुतण्या बाहेर काढला त्यांच्यासारखी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण द्या, फ्लोट द्या, दोर द्या, बसायला उंच मचाण द्या.

आणि जे रिसॉर्ट, होमस्टे "समुद्राला लागून" म्हणून जाहिरात करतात, त्यांना परवाना देताना आणि नूतनीकरण करताना एक अट घाला. दारात रोज लिहिलेला फळा, मराठीत, ठळक अक्षरात. खोलीची किल्ली देताना ओढ कुठे आहे ते तोंडाने सांगणारा माणूस. किनाऱ्याकडे जाणाऱ्या फाटकाला टांगलेली रिंग आणि दोर. हॉटेलवाल्याला याचा खर्च एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याहून फार जास्त येणार नाही. स्विमिंग पूलजवळ पाणी किती खोल ते लिहितातच ना? मग त्याच पूलच्या पलीकडे जे पाणी आहे त्याबद्दल एक ओळ नको?

एक विनंती अजून. फलक लावाल तर "धोका, समुद्रात जाऊ नये" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. समुद्र बघायला दीडशे किलोमीटर आलेला माणूस ते वाचून परत फिरत नाही, फलकाकडेच बघायचं सोडतो. त्याला आजचं सांगा. आज किती वाजेपर्यंत, कुठून कुठपर्यंत, कशासाठी नाही. रोज बदलणारी ओळ माणूस वाचतो, हे मी वीस वर्षं फळ्यावर रोजचा सुविचार लिहिताना बघत आले आहे.

आमच्या शाळेतली आठवी-नववीची मुलं आणि मी, आम्ही फळे रंगवून द्यायला तयार आहोत. कोल्हापुरात रंग हातात धरणारी माणसं कमी नाहीत, गल्लीतले दोन पेंटर आत्ताच हो म्हणाले आहेत. सुरुवातीला मालवण तालुक्यातल्या दहा किनाऱ्यांसाठी दहा फळे. झेंड्याच्या जागेसह, भरती-ओहोटीच्या रकान्यांसह, ओढीत सापडल्यावर कुठल्या दिशेला पोहायचं त्याच्या चित्रासह. चित्राचा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. त्यातल्या पोहणाऱ्या मुलाच्या दंडावर मी एक जांभळी रेघ काढली आहे, ती तेवढी राहू द्यावी. फळे पोचवायची सोयही आम्ही करू, आमच्याकडून दर शनिवारी कुणी ना कुणी घाट उतरतंच. ते कुठे लावायचे आणि त्यावर रोज सकाळी सातच्या आत कोण लिहिणार, एवढं आपल्या खात्याने ठरवून कळवावं. मे महिन्याच्या सुट्टीआधी उत्तर मिळालं तर पहिले फळे त्याच सुट्टीत लागतील.

आपली विश्वासू,
मंगळवार पेठेतील एक चित्रकला शिक्षिका,
कोल्हापूर