चि. एस्तेरला, नाईटहून आल्यावर वाचायला

नगर, सोमवार

प्रिय एस्तू,
सप्रेम सलाम.

फोनवर मी लगेच मास्तर होतो आणि तू "हं, हं" करत ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. डब्यात खारोड्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे. खारोड्या आत्याने पाठवल्यात. तिचा गुडघा तसाच आहे, ऐकत कुणाचंच नाही.

मंगळवारी तू मम्मीशी जे बोललीस ते तिने मला रात्री सांगितलं. तुझ्या आयसीयूत सात नंबरच्या बेडवरचं बाळ गेलं आणि तेव्हापासून तुला प्रार्थना करता येत नाही, डोळे मिटले की मॉनिटरच दिसतो. त्यावर मम्मी जे काही बोलली ते घाबरून बोलली. दुधावर नजर ठेवावी तशी ती तुझ्या विश्वासावर नजर ठेवून असते, तुला माहीतच आहे. तू फोन कट केलास त्याबद्दल ती काही बोलत नाही. पण भांडी जरा जोरात आपटतेय.

चर्चला जातेस का, हे मी विचारणार नाही. तसं आमचं ठरलंय.

मला एलीया आठवला. ईजबेल राणीच्या भीतीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. केवढा मोठा संदेष्टा, नुकताच कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवून आलेला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन परत झोपला, तरी रागावलं नाही कुणी. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, कारण वाट लांबची होती. होरेब डोंगरावर देवाचं बोलणं झालं ते त्यानंतर, चाळीस दिवसांनी. तेव्हा तू आधी झोप. नाईटहून आल्यावर मोबाईल बघत पडू नकोस. नुसत्या चहा-बिस्किटावर राहू नकोस. हॉस्टेलच्या मेसचं जेवण आवडत नसलं तरी पोटात काहीतरी गेलं पाहिजे, शरीर हे मंदिर आहे असं पौल म्हणतो आणि...

झालो मास्तर. माफ कर. पस्तीस-चाळीस पोरांसमोर आयुष्य गेलं, लेकीशी बोलायचा आवाज वेगळा काढायला जमत नाही.

तुला आजीचं एक सांगायचं होतं. तू तिला पाहिलंस ते पार थकल्यावर, गीतांचं पुस्तक मांडीवर उलटं धरून बसलेली. तरुणपणी ती मिशनची बायबल बाई होती. नेवाशाकडच्या गावांमधून पायी फिरायची. शुभवर्तमान सांगायची, आणि बाळंतिणीला शेक कसा द्यायचा तेही. माझ्या पाठचा भाऊ गॅस्ट्रोने गेला तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. त्यानंतर आजीने प्रार्थना सोडली. भांडली नाही, रडली नाही, नुसती सोडली. ज्या बाईने गावोगाव दुसऱ्यांना प्रार्थना शिकवली, ती कुटुंब उपासनेला चुलीपाशीच बसून राहायची. आजोबा एकदाही तिला "ये" म्हणाले नाहीत. शेजारच्या चर्चच्या बायका मात्र दर बुधवारी यायच्या, आमच्या ओट्यावर बसून गीतं म्हणायच्या, प्रार्थना करायच्या आणि जाताना भाकरी ठेवून जायच्या. आजी आत ज्वारी निवडत असायची. असं किती महिने चाललं मला सांगता येणार नाही, पण मध्ये एक पावसाळा गेला. मग एका बुधवारी बायकांनी ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती गीताचं दुसरं कडवं चुकीचं म्हटलं आणि आतून आजीचा आवाज आला, "तसं नाही गं ते." आणि तिने बरोबर म्हणून दाखवलं. सगळं कडवं. बायका चूप. मला हसू आलं आणि आजोबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

टिळकांच्या घरीही घाई कामाला आली नव्हती. नारायण वामनांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. लक्ष्मीबाई तेव्हा नवऱ्यापासून दूर राहिल्या, पुढे त्याच घरात परत आल्या तेव्हाही सोवळं सांभाळून. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, त्यांच्या त्यांच्या वेळेने. आपल्या नगरच्या मंडळीत हे सगळ्यांना पाठ आहे, पण घरातलं कुणी जरा मागे रेंगाळलं की आपण लगेच पाळकसाहेबांना बोलावतो. (मम्मीने बोलवायचं ठरवलं होतं. मी थांबवलंय.)

आता मला जे खरं सांगायचंय ते. त्या बाळाला तू शेवटचं पुसलंस, झबलं घातलंस आणि त्याच्या आईच्या हातात दिलंस. मम्मीला हे तू जाता जाता सांगितलंस, जसं काही विशेष नाही. आपल्यातले लोक अशा वेळी म्हणतात की सेवा हीच प्रार्थना. मला ते पुरतं पटत नाही. सेवा करणारा माणूस थकतो, एस्तू, आणि थकलेल्याला उचलायला कुणीतरी लागतं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला तो पक्षाघाती बघ. चौघांनी त्याला खाटेसकट कफर्णहूमच्या त्या घराच्या छपरातून खाली सोडला. येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला आणि याला बरं केलं. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, होता की नव्हता, मार्क काहीच सांगत नाही. तू रोज स्ट्रेचरच्या बाजूने बघतेस. सध्या तू खाटेवर आहेस. असू दे की. मी, मम्मी, आत्या, आणि चौथा कोण ते तू ठरव. तुझ्या नावाने रात्री साडेनऊला प्रार्थना होते इथे. तू त्यात काही म्हणायची गरज नाही.

फक्त खाट जिथे नेतात तिथे ती येऊ दे. म्हणजे, मागच्या बाकावर जाऊन बस. डोळे उघडे ठेव, गीत म्हणू नकोस, प्रभुभोजनाला उठावंसं वाटलं नाही तर बसून राहा. पंचहौद मिशनच्या चर्चमधली मराठी उपासना तुझ्या हॉस्टेलपासून लांब नाही. याच मिशनात 1890 मध्ये घेतलेल्या चहापायी पुढे रानडे-लोकमान्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती, तुला तर तिथे कुणी दंड करणार नाही. चहा पिऊन ये नुसती.

हो, विचारलंच मी. ठरलं होतं तरी. पण पुण्याला गेलेल्या आपल्या पोरांचं कसं होतं ते मी पाहिलंय. आधी ड्युटीमुळे रविवार सुटतो, मग सुट्टी असूनही सुटतो, मग नाताळला नवे कपडे घालून येतात आणि गीत सुरू झालं की मोबाईलमध्ये शब्द शोधतात. सॅमचं तू बघितलंस. सॅम चांगलाच मुलगा आहे, पण त्याच्या वाईट दिवसांत त्याच्या ओट्यावर येऊन बसायला कुणीच नव्हतं. मला भीती तुझ्या शंकेची नाही. शंका आजीलाही होती. तू एकटी पडशील याची आहे.

गाडीने घरी येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं, आपल्या नगरजवळचं नव्हे, मुक्ति मिशनचं. लहानपणी तू तिथे खिडकीतून हात करायचीस. पंडिता रमाबाई तिथे हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत करत होत्या आणि 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. वर्षभरात रमाबाईही गेल्या. त्या मधल्या महिन्यांत म्हातारी भाषांतराचं काम संपवत होती. कसं केलं असेल ते मला आधी कळायचं नाही, आणि तू आयसीयूला लागल्यापासून तर मी त्याचा विचारच करत नाही.

तुझा दिवा हातात घेतलेला शपथविधीचा फोटो मी बैठकीत लावलाय. मम्मी म्हणते फार मोठा केला. येणारा-जाणारा बीपीच्या गोळ्यांबद्दल मलाच विचारतो, जणू नर्स मी आहे, आणि मी सांगतोही.

भाऊसाहेबांच्या कागदाचं काम अजून अडकलंय, त्याची काळजी करू नकोस. डबा स्टीलचा आहे, परत आण. मम्मीला फोन कर, प्रार्थनेचा विषय काढू नकोस, चटणीत मीठ जास्त झालंय एवढंच सांग, ती भांडेल आणि बरी होईल. पुढच्या महिन्याची ड्युटी लागली की कळव. रविवार कुठले मोकळे आहेत तेही लिही, मी काही म्हणणार नाही.

तुझे,
पप्पा