बाबा, साक्षीदारांबद्दल

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर काकांच्या दफनाचं बोलता बोलता तुम्ही मध्येच विचारलंत, "येशू खरंच मेलेल्यांतून उठला असेल का गं?" मी "हो" म्हटलं आणि विषय बदलला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. कोर्टात जबान्या लिहून घेण्यात तुमचा उभा जन्म गेला. "श्रद्धा ठेवा" एवढ्यावर तुमचं भागणार नाही, म्हणून साक्षीदारांपासूनच सुरुवात करते.

सगळ्यात जुना कागद प्रेषित पौलाचा. बायबलातलं त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15. इ.स. 55 च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभानंतर जेमतेम 25 वर्षांनी लिहिलेलं. उठलेला येशू कुणाकुणाला दिसला, त्यांची त्यात तो नावंच देतो: केफा (म्हणजे शिष्य पेत्र), मग बारा शिष्य, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक. त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, म्हणजे ज्याला शंका असेल त्यानं जाऊन विचारावं. शिवाय हे माझ्या पदरचं नाही, मला मिळालं तेच तुम्हाला दिलं, असंही म्हणतो. गलतीकरांच्या पत्रात तो यरुशलेमेत केफाकडे 15 दिवस राहिल्याचं आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचं लिहितो. त्या पंधरा दिवसांची जबानी तुम्ही घेतली असतीत तर!

याकोबापाशी मी नेहमी अडते. येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे योहान आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, सरळ लिहितो. (आई, दादाला मी कधी साधं शहाणं तरी म्हटलंय का?) त्यात वधस्तंभावर मेलेला म्हणजे यहुदी नियमशास्त्राप्रमाणे शापित. तरी हाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला, आणि इ.स. 62 मध्ये त्याला दगडमार झाली. हे लिहिणारा योसेफस ख्रिस्ती नव्हता, यहुदी इतिहासकार होता. मधे काय घडलं? पौलाच्या यादीत एवढंच आहे: तो याकोबाला दिसला.

रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, चारही शुभवर्तमानांत. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसं मोल नव्हतं, प्रेषितांनाही ती बडबड वाटली. रचायचंच होतं तर अरिमथाईकर योसेफासारखा न्यायसभेतला वजनदार माणूस पहाटे तिथे उभा केला असता.

वधस्तंभावरच्याला कुठली आलीय कबर, असंही काही जण म्हणतात. पण 1968 साली यरुशलेमेत एका अस्थिपेटीत टाचेचं हाड सापडलं, खिळा अजून आरपार अडकलेला. म्हणजे निदान एकाला तरी रीतसर मूठमाती मिळाली होती.

"शिष्यांनी प्राण दिले, म्हणून खरं," हे मात्र मला कधीच पुरेसं वाटलं नाही. खोट्यापायीही माणसं जीव देतात. फार तर ते फसवत नव्हते एवढंच त्यातून निघतं. शिवाय जबान्याही जुळत नाहीत: कबरेपाशी मत्तयाकडे देवदूत एक, योहानाकडे दोन. पण शब्दाला शब्द जुळला की साक्षीदार पढवलेला समजावा, असं तुम्हीच म्हणायचात.

भास झाला असेल? गेल्या आठवड्यात काकूला काका खुर्चीत बसलेले दिसले. मी तिला खोटं पाडणार नाही. पण काकांची कबर रिकामी आहे असं काही ती म्हणत नाही. लूकमध्ये शिष्यांनाही आधी भूतच वाटलं होतं, तेव्हा येशूनं खायला मागितलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला.

मेलेला उठतच नाही असं आधीच ठरवलं असेल, तर यातलं काहीच पुरणार नाही, हे मलाही कळतं.

मार्कचा 16 वा अध्याय 8 व्या वचनापर्यंत वाचा. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तो तिथेच संपतो: बायका भिऊन पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. मोठ्या अक्षरांचं शास्त्र वरच्या फळीवर आहे, आई काढून देईल. रविवारी फोन करते. या वेळी विषय बदलणार नाही.

तुमची लेक