१२४ गावांचाही कौल घ्यावा

महोदय,

उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमणारी अधिसूचना ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाली. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या या ‘तिसऱ्या मुंबई’विषयी तेव्हापासून जी चर्चा होते, ती बहुतेक गुंतवणुकीच्या आणि अटल सेतूमुळे वाचणाऱ्या वेळेच्या आकड्यांत होते. ज्यांच्या सातबाऱ्यावर हे नगर उभे राहणार आहे, त्यांचे मत कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या पद्धतीने विचारले जाणार, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. म्हणून याच तालुक्यांत घडलेल्या एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते.

विशेष आर्थिक क्षेत्राचा (सेझ) कायदा २००५ मध्ये झाल्यानंतर रिलायन्स समूहाच्या पुढाकाराने होऊ घातलेल्या ‘महामुंबई सेझ’साठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील सुमारे दहा हजार हेक्टर जमीन घेण्याचे ठरले. जमीन हवी होती कंपनीला, पण नोटिसा येत होत्या सरकारी कचेरीतून, आणि त्यासाठी वापरला जात होता इंग्रजी अमदानीतला १८९४ चा भूसंपादन कायदा. सेझसाठी राज्यांनी सक्तीने भूसंपादन करू नये आणि एका सेझला पाच हजार हेक्टरांहून अधिक जमीन देऊ नये, असे केंद्रातील मंत्रिगटाने एप्रिल २००७ मध्ये ठरवले, तरी येथील प्रक्रिया थांबली नाही. कंपनीचा प्रभाव म्हणजे दर वेळी कोणाच्या तरी हातात दिलेले पाकीट नव्हे. कंपनीची गरज हीच ‘सार्वजनिक प्रयोजन’ आहे असे शासनयंत्रणेला मनापासून वाटू लागणे, हा त्याहून अधिक पक्का प्रभाव होय.

त्याला उत्तर दिले ते गावांनी. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आणि उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने शेतकऱ्यांनी ग्रामसभांत ठराव केले, हरकती दाखल केल्या, मोर्चे काढले. चरीचा संप आणि चिरनेरचा जंगल सत्याग्रह पाहिलेल्या जिल्ह्याला हे नवे नव्हते. नवे होते ते पुढचे. हेटवणे धरण ज्या शेतीच्या सिंचनासाठी बांधले, त्याच लाभक्षेत्रातील जमीन सेझला कशी देता येईल, हा शेतकऱ्यांचा प्रश्न इतका बिनतोड होता की अखेर सरकारला त्या लाभक्षेत्रातील २२ गावांत मत अजमावण्यास तयार व्हावे लागले. २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने हे मतदान घेतले आणि मत देणाऱ्या खातेदारांपैकी प्रचंड बहुसंख्येने जमीन देण्यास नकार दिला. त्या कौलाला कायद्याचे बंधन नव्हते आणि तो स्वीकारण्याची उत्सुकताही सरकारने दाखवली नाही; पण २००९ मध्ये भूसंपादनाची दोन वर्षांची मुदत उलटली आणि संपादनाची प्रक्रिया रद्दबातल झाली. मुदतीमुळे सेझ गेले, मतदानामुळे नव्हे, असे काही जण म्हणतात. कागदोपत्री ते खरे आहे. परंतु ती मुदत उलटेपर्यंत निवाडे, म्हणजे मोबदला ठरवणारे संपादनाचे अंतिम आदेश, का होऊ शकले नाहीत, याचे उत्तर त्या २२ गावांतच आहे.

आज परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. मात्र नवनगर नगररचना कायद्याच्या मार्गाने येते तेव्हा ही अट थेट आड येत नाही. गावकऱ्यांच्या हाती उरतात त्या हरकती आणि सूचना, ज्या हजारोंच्या संख्येने दिल्या तरी त्यांवरचा निर्णय तेच सरकार देते. याउलट दावोसमध्ये जानेवारी २०२५ मध्ये राज्याने १५ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले, तेव्हा उद्योगांना मुख्यमंत्र्यांसमोर बसून बोलता आले. उद्योगांशी बोलू नये असे माझे म्हणणे नाही. करार आधी आणि सुनावणी नंतर, हा क्रम मात्र उलटा आहे.

माझी मागणी एवढीच आहे की नवनगराचा विकास आराखडा अंतिम करण्यापूर्वी या १२४ गावांत जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गुप्त मतदान घ्यावे आणि त्याचा गाववार निकाल जाहीर करावा. प्रकल्प हवा असणारे शेतकरीही या गावांत आहेत. चांगला मोबदला आणि विकसित भूखंड मिळत असेल तर भातशेती सोडण्यास ते तयार आहेत, आणि त्यांचेही मत मोजले गेले पाहिजे. मात्र २००८ ची एक उणीव या वेळी राहू नये. तेव्हा मत खातेदारांना होते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रिया, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे कातकरी आणि खाडीवर जगणारे कोळी यांचे पोटही याच जमिनीवर आणि पाण्यावर आहे. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत दलालांमार्फत जमिनी घेऊन ठेवलेल्या बाहेरच्या मंडळींची नावे खातेदार म्हणून लागली आहेत. त्यामुळे मतदारयादी सातबाऱ्यावरून न करता ग्रामसभेच्या यादीवरून, म्हणजे गावात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची, करावी.

आपला,
एक वाचक, पेण (जि. रायगड)