सड्यावर कुत्र्याची साखळी सोडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पाऊस स्थिरावला की बेळगावच्या अनेक घरांत शनिवार-रविवारी आंबोलीचा बेत ठरतो. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा आणि चंदगड मागे टाकत दोन तासांत धुक्यात पोहोचता येते, ही आपली जुनी सोय आहे. अलीकडे या मोटारींच्या मागच्या सीटवर घरचे कुत्रेही दिसू लागले आहे आणि त्याला माझी मुळीच हरकत नाही, कारण मीही त्यांतलाच एक आहे. कुत्र्याला शेजाऱ्याकडे ठेवून गेले तर ते दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, हे ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांना सांगायला नको. हे पत्र लिहितो आहे ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

आमचा कुत्रा मुधोळ जातीचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात तो आहे. ही जात वासापेक्षा नजरेवर शिकार करते. समोर काही हलले की आधी धावायचे आणि मालकाची हाक नंतर ऐकायची, असा तिचा स्वभाव. (पाऊस आणि गारठा मात्र तिला अजिबात मानवत नाही, त्या अंगावर चरबी नाही आणि केसही आखूड. धबधब्याखाली त्याला उभे करून छायाचित्र काढण्याचा माझा हट्ट त्याने थरथरत सहन केला, हेही कबूल केले पाहिजे.) धबधब्यापाशी गर्दी आणि माकडे दोन्ही फार, म्हणून त्याला मोकळे पळता यावे या हेतूने आम्ही गावाबाहेरच्या एका सड्यावर गेलो आणि मी साखळी सोडली. जांभ्या दगडाचा तो उघडा माळ, त्यावर पावसाने साचलेली घोट्याएवढी डबकी आणि भोवती कोणी नाही, असे पाहून मला ती जागा कुत्र्यासाठीच केल्यासारखी वाटली. तो एका डबक्यातून दुसऱ्यात उड्या मारत सुटला. तेवढ्यात म्हशी घेऊन चाललेल्या एका गृहस्थांनी लांबूनच हाक दिली, ‘‘काकानू, कुत्र्याक आदी धरा!’’

मला वाटले, त्यांना म्हशींची काळजी आहे. त्यांनी मला डबक्यापाशी नेऊन वाकायला सांगितले. बोटाच्या पेरापेक्षा कमी पाण्यात बेडकांची अंडी आणि पिल्ले होती आणि आमच्या कुत्र्याने त्यातली निम्मी चिखलात कालवली होती.

घरी आल्यावर वाचले तेव्हा कळले की सड्यावरच्या अशाच उथळ पाण्यात आंबोलीचा भेक हा बेडूक अंडी घालतो. अंगठ्याएवढा हा प्राणी विज्ञानाला स्वतंत्र जात म्हणून 2009 साली माहीत झाला, आंबोली परिसराच्या लहानशा टापूतच तो आढळतो आणि अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. पहिल्या सरी पडल्या की थोडेच दिवस त्याचा विणीचा काळ असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण सारे तेथे जातो. मी पाहिली ती पिल्ले त्याचीच होती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मला बेडकांतले कळत नाही. परंतु ज्याला कळत नाही त्याने साखळी सोडावीच कशाला? त्याच सड्यावर दगडांच्या फटीत फुरसे असते आणि पावसाळ्यात झुडपांवर हिरवा चापडा हाही विषारी साप वेटोळे करून बसतो, हे त्या गृहस्थांनी नंतर सांगितले. म्हणजे धोका केवळ बेडकांना नव्हता.

दुसरी बाब लसीची. कुत्र्यांतील डिस्टेंपर हा रोग जंगली प्राण्यांतही शिरतो. गीरच्या जंगलात 2018 साली वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात याच रोगाचे विषाणू सापडले होते. सह्याद्रीत सिंह नसले तरी बिबटे आणि कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत. शिवाय लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कुत्र्याच्या लघवीतून पाण्यात उतरतात, आणि सिंधुदुर्गाने या रोगाचे चटके सोसलेले आहेत. तेव्हा रेबीजची सुई टोचली की काम झाले, असे समजणे पुरेसे नाही. निघण्याच्या काही आठवडे आधी पशुवैद्यांना दाखवून सर्व लसी पूर्ण कराव्यात आणि गोचिडांवरचे औषध लावून घ्यावे. परतल्यावर आमच्या कुत्र्याला आठवडाभरात ताप भरला, त्याने खाणे सोडले आणि तपासणीत गोचीडताप निघाला. औषधाने तो बरा झाला. ते दिवस मात्र फार वाईट गेले.

आंबोली महाराष्ट्रात आहे, तेव्हा तिच्याविषयी बेळगावच्या वृत्तपत्रात कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. तेथे उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत आपल्याच जिल्ह्यात येऊन घटप्रभेला मिळते आणि तिच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीलाही 2020 साली तिचेच नाव दिले गेले. दुसरे असे की रविवारी त्या रस्त्यावर केए 22 या बेळगावच्या क्रमांकाच्या मोटारी मोजल्या तर हा प्रश्न कोणाचा, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

माझी विनंती दोघांना आहे. तेथील निवासगृहांचे चालक फोनवर ‘कुत्रा चालेल’ एवढेच सांगतात. त्याला कोठे फिरवावे आणि कोठे नेऊ नये, हेही त्यांनी खोली देतानाच सांगावे. आंबोली ग्रामपंचायतीने आणि वनखात्याने सड्यांकडे जाणाऱ्या वाटांच्या तोंडाशी पावसाळ्याचे चार महिने कुत्री मोकळी सोडण्यास मनाई करणारे फलक लावावेत, आणि ते मराठीबरोबर कन्नडमध्येही असावेत, कारण हुबळी-धारवाडची मंडळी आपल्याइतकीच मोठ्या संख्येने तेथे जातात. भाषेवरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. या फलकावरून तरी होऊ नये. आम्ही येत्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत, कुत्राही बरोबर असेल, आणि त्याच्यासाठी पंधरा फुटांची लांब दोरी घेऊन ठेवली आहे.

आपला,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव