शौचालय झाले, रांगणाऱ्या बाळाचे काय?

महोदय,

स्वच्छ पाणी, शौचालय आणि साबण घरोघरी पोहोचले की तान्ही मुले बाळसे धरतील, असे आपण गृहीत धरतो. बांगलादेश आणि केनियात हे मोठ्या चाचण्यांतून तपासले गेले. २०१८ साली निष्कर्ष आले : बांगलादेशात मुलांचे जुलाब कमी झाले, केनियात झाले नाहीत, आणि उंचीत थोडीफार भर पडली ती दोन्हीकडे पूरक आहार मिळालेल्या मुलांच्याच.

याचा अर्थ स्वच्छतेवरचा खर्च वाया गेला असा कुणी लावू नये, ही कळकळीची विनंती. रांगणारे मूल जरा वेळ न्याहाळा. हात मातीत, लगेच तोंडात; शेजारी कोंबड्यांची विष्ठा. शौचालय माणसाची घाण अडवते, कोंबडीची नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जुलाबाचा जंतू तर पाण्यातल्या क्लोरीनलाही सहसा दाद देत नाही.

म्हणून अशा अभ्यासांनी शौचालये आणि साबणाच्या वड्या मोजून थांबू नये. बाळाच्या हातांवर, खेळण्यांवर, दुधाच्या वाटी-चमच्यावर जंतू किती उरले, तेही तपासावे. सरकारांनीही पाण्यात औषध टाकायला सांगून मोकळे न होता घरात नळाने भरपूर शुद्ध पाणी द्यावे.

– एक वाचक