पॉप्स, तुमचे आभार मानायचे राहून गेले

पॉप्स, तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीय, तरी मराठीतच लिहितोय. कारण इंग्लिशमध्ये 'थँक यू' म्हटलं की दोन शब्दात संपतं, आणि कराडहून आई फोनवर सारखी विचारते की जेलमध्ये तुझ्याकडं बघायला कोण होतं. हे पत्र तिलाही वाचून दाखवणारे.

दारू पिऊन गाडी चालवली, तीही दुसऱ्यांदा. चूक शंभर टक्के माझी. ६० दिवसांची शिक्षा झाली, कॅलिफोर्नियात काउंटी जेलमध्ये नीट वागलं की साधारण निम्मीच भोगावी लागते, म्हणून ३० दिवस. (गावाकडच्यांना सांगतो, काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा, तिथला शेरिफ जेल चालवतो आणि आत निम्म्याहून जास्त लोक अजून दोषी ठरलेलेच नसतात, नुसते तारखेची वाट बघत बसलेले असतात.)

पहिल्या दिवशी गादीची गुंडाळी काखेत धरून पॉडमध्ये, म्हणजे कैद्यांच्या सामाईक मोठ्या खोलीत, आलो तेव्हा पाय लटपटत होते. गोऱ्यांचं टेबल वेगळं, काळ्यांचं वेगळं, मेक्सिकन लोकांचं वेगळं, मी कुठं बसू तेच कळेना. तुम्ही हात करून बोलावलंत, म्हणालात तू 'अदर्स', आमच्यात बस. तुम्ही फिलिपिनो, शेजारी एक सामोअन, म्हणजे सामोआ बेटांकडचा, पोरगा, आणि मी. इतकी वर्षं अमेरिकेत राहून मला 'इतर' म्हटल्याचं बरं वाटलं असं तेव्हाच झालं.

आणि त्याच जेवणात मी घोळ केला. शेजारच्याच्या ट्रेवरून हात लांब करून कप उचलला. आपल्या घरी पंगतीत असंच करतो ना, त्यात काय एवढं. पण त्या पोराचा चमचा हवेतच थांबला आणि सगळं टेबल गप्प झालं. तुम्ही माझं मनगट धरून हळूच खाली आणलंत, त्याला म्हणालात नवीन आहे, माझ्याकडे बघून सोड, आणि मला म्हणालात, "सॉरी म्हण. मोठ्यानं." मी म्हटलं. त्यानं मान हलवली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला ब्रेडचा जास्तीचा तुकडा दिला.

बाकीचं सगळं तुम्ही मला असंच, बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, बसून हळू आवाजात शिकवलंत. विचारल्याशिवाय कुणाच्या बंकवर बसायचं नाही. सिंक वापरलं की पुसून ठेवायचं. शॉवरला चप्पल घालूनच जायचं. कुणाला 'तू कशात आलास' विचारायचं नाही आणि स्वतःची केस कुणापुढं उघडायची नाही, फोनवर तर नाहीच, कॉल रेकॉर्ड होतात. टीव्हीचा चॅनल आपण होऊन बदलायचा नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ६० माणसं एका खोलीत असली की तेवढंच मोठं असतं, रात्रीसुद्धा लाइट पूर्ण बंद होत नाहीत आणि प्रत्येकाला वाटत असतं की निदान आपला ट्रे आणि आपली गादी तरी आपली राहावी.

आणि ते सूप! माझी कमिसरी, म्हणजे जेलच्या दुकानातून मागवलेलं सामान, यायला आठवडा होता, मी शाकाहारी, ट्रेमधलं निम्मं खाता येत नव्हतं. एकजण भला माणूस बनून रामेन (झटपट नूडल्सचं पाकीट, तिथं त्यालाच सूप म्हणतात) घे म्हणाला, मी हात पुढं केला तेवढ्यात तुम्ही मागून नको म्हणालात. नंतर सांगितलंत, तिथं एक घेतलं की दोन द्यायची, आठवडा उलटला की आकडा वाढतो, आणि जेलमधली निम्मी भांडणं अशा उधारीतूनच होतात. मग गादीखालून स्वतःचं सूपचं पाकीट काढलंत. "एक घे, एकच परत दे." त्यातला मसाला मांसाचा असेल म्हणून ती पुडी मी बाजूला ठेवली, तर तुम्ही काही न विचारता ती स्वतःकडं घेतलीत आणि मला मिठाची पुडी दिलीत.

तुम्ही चौदा महिने आत होता, खटला सुरूच झालेला नव्हता. जामीन ५०,००० डॉलर, बाँडवाल्याला (फी घेऊन जामिनाची हमी देणाऱ्याला) १० टक्के द्यायला ५,००० हवेत आणि ते पैसे परत मिळत नाहीत, तेवढे घरी नाहीत, एवढंच एकदा बोललात. मी तीस दिवसांत बाहेर, तुम्ही काही सिद्ध न होता तिथंच. हे मला आजही गिळवत नाही.

मला रात्री दोनला सोडलं. डेप्युटीनं, म्हणजे शेरिफच्या पोलिसानं, नाव पुकारलं तेव्हा तुम्ही डोळ्यांवर मोजा ठेवून झोपला होता, उठवायला जीव होईना. माझी उरलेली अकरा सूपं आणि नवी चप्पल तुमच्या बंकखाली सरकवून ठेवली आणि निघालो.

गेल्या आठवड्यात तुमच्या कमिसरीच्या खात्यात पैसे भरायला गेलो तर तुमचं नाव यादीत नव्हतं. सुटलात की दुसरीकडं हलवलं, कळायला मार्ग नाही. सुटला असाल तर बरंच. आई म्हणते, भेटले तर आधी पाया पड आणि मग जेवायला घेऊन ये.