पोटाखालचं पातं

विलेपार्ले, मुंबई
१८ जून

प्रिय बंडू,

तुझं पत्र परवा मिळालं. बारामतीच्या शिकाऊ सेस्नाच्या शेपटीला मिशा कसल्या, आणि मोठ्या विमानाच्या पाठीवर माशासारखे पर कशाला, असं धाकटीनं विचारलंय ना? तिला सांग, ते सगळे अँटेना. पंखांच्या मागच्या कडेला लोंबणाऱ्या बारीक काड्या मात्र अँटेना नव्हेत. उडताना अंगावर साठणारी स्थिर वीज त्यांतून हवेत निघून जाते, नाहीतर रेडिओत नुसती खरखर.

मिशा व्हीओआरच्या, म्हणजे वैमानिकाला दिशा दाखवणाऱ्या रेडिओकेंद्राच्या. जमिनीवरच्या त्या केंद्राच्या लहरी आडव्या, म्हणून दांड्याही आडव्या. टॉवरशी बोलायच्या लहरी उभ्या, म्हणून ते माशाच्या परासारखं पातं ताठ. बोलणं चालतं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर. अशा अँटेनाची लांबी साधारण लहरीच्या पाव भागाएवढी ठरते, आणि तिथे तो पाव भाग साधारण ६० सेंटिमीटर भरतो. रडारला विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो, तिथे पाव लहर जेमतेम सात सेंटिमीटर, म्हणून त्याची खुंटी बोटाएवढी. जीपीएसचा अँटेना चपटा आणि पाठीवर, कारण उपग्रह २०,२०० किलोमीटर वर. रेडिओ अल्टिमीटरचे पोटाला, कारण त्याला जमिनीपासूनची उंची मोजायची असते.

पण अरे, पातं म्हणजे निम्माच अँटेना. उरलेला निम्मा म्हणजे विमानाचा पत्रा. दोघांचा सांधा बिघडला की सगळंच बिघडतं. गेल्या पावसाळ्यात एका विमानाची तक्रार आली, पोटाखालच्या पात्याला जोडलेल्या रेडिओवर दूरचा आवाज तुटतो. दोनदा रेडिओचा डबा बदलला, कारण डबा बदलणं सोपं. तिसऱ्या दिवशी मी पाठीवर झोपून पोटाखालचं पातं उतरवलं. बुडाशी पांढरी भुकटी! सीलंटला केसाएवढी चीर, तिच्यातून पाणी शिरून ॲल्युमिनियम खाल्लेलं. पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, रसायनाचा हात दिला, पातं बसवून मिलिओहममध्ये रोध मोजला, मग कडेनं नवं सीलंट. आवाज लख्ख! पाठीवरचं पातं सगळ्यांना दिसतं, पोटाखालच्याकडे कोणी वाकून बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पाणी तर खालीच साचतं.

परवा जुहू विमानतळावरून जाताना जेआरडी टाटा आठवले. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते इथेच उतरले. त्यांच्या पस मॉथ या छोट्या विमानात रेडिओच नव्हता. अहमदाबादनंतर समुद्राच्या कडेनं एकटा माणूस, कोणाचा आवाज नाही. हेडफोनमध्ये टॉवरचा आवाज स्वच्छ आला की मला ते आठवतं आणि अंगावर काटा येतो.

धाकटीला हँगरमध्ये नेता येणार नाही, परवानगी मिळत नाही. पण तिकडे सेस्ना जवळून बघायला मिळाली तर पोटाखाली वाकून बघायला सांग. बोटाएवढी खुंटी दिसेल. इंजिनाच्या तेलानं काळी झाली असेल तर तिथल्या मेकॅनिककाकांना सांगायला लाव. ती पुसायची असते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू